संगणक-पडद्यावरील रंगयोजना
डेस्कटॉप संगणकावर चालणाऱ्या आज्ञावलीच्या खिडक्या, याद्या, बटणे, चिन्हे, अक्षरे व त्यांची पार्श्वभूमी यांसाठी केलेली रंगांची निवड आणि या सर्व घटकांना दिलेले एकसूत्री दृश्यरूप यांना मिळून पडद्यावरील रंगयोजना म्हणतात. वापरणारा माणूस व आज्ञावली यांच्यातील देवाणघेवाण पडद्याच्या ज्या भागांतून होते, त्यांना एकत्रितपणे इंटरफेस ही संज्ञा आहे. रंगयोजनेकडे इंटरफेसची केवळ सजावट म्हणून पाहणे योग्य नाही. कोणता मजकूर वाचावयाचा आहे, कोठे बटण दाबता येते, कोणती आज्ञा तूर्त चालणार नाही, कोठे चूक झाली आहे, या गोष्टी वापरणाऱ्यास प्रथम रंग व उजळपणा यांवरूनच कळतात. बँकेतील लेखनिक, रुग्णालयातील नोंदणी-कर्मचारी, मुद्रणालयातील अक्षरजुळणी करणारा अशा अनेकांचे कामाचे बहुतेक तास पडद्यासमोर जातात. त्यामुळे सदोष रंगयोजनेची किंमत डोळ्यांवरील ताण, कामातील चुका आणि काही व्यक्तींच्या बाबतीत ते काम मुळीच करता न येणे, या स्वरूपात मोजावी लागते.

ऐतिहासिक आढावा : प्रारंभीच्या काळात पडद्याचा रंग आज्ञावली लिहिणाऱ्याच्या हाती नव्हता, तो ऋण किरण नलिकेच्या काचेवर आतून दिलेल्या अनुस्फुरक पदार्थाच्या लेपावरून ठरत असे. १९७० ते १९८५ या काळातील अनेक पडद्यांवर काळ्या पार्श्वभूमीवर हिरवी किंवा पिवळसर नारिंगी अक्षरे दिसत, त्याचे कारण हेच होय. कागदासारखी पांढरी पार्श्वभूमी व तीवर काळी अक्षरे ही कल्पना झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली तयार झालेल्या ‘आल्टो’ या संगणकात प्रत्यक्षात आली. ॲपल कंपनीच्या १९८४ सालच्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यावर ५१२ × ३४२ बिंदू होते व प्रत्येक बिंदू एकतर काळा किंवा पांढरा एवढाच असे. करडी छटा हवी असल्यास काळे व पांढरे बिंदू आलटूनपालटून मांडावे लागत. सुझन केअर यांनी या मर्यादेत राहून तयार केलेली चिन्हे आजही सुबोधतेचा नमुना मानली जातात.

आयबीएम कंपनीच्या वैयक्तिक संगणकाबरोबर १९८१ मध्ये आलेल्या रंगीत चित्रण-मंडलात अक्षरांसाठी १६ रंग उपलब्ध होते. १९८७ सालच्या व्हीजीए या पद्धतीत २,६२,१४४ रंगांपैकी एका वेळी १६ किंवा, कमी बिंदुसंख्या चालणार असल्यास, २५६ रंग दाखविता येत. पुढे प्रत्येक बिंदूच्या लाल, हिरव्या व निळ्या घटकांना ० ते २५५ यांपैकी कोणतेही मूल्य देता येऊ लागले आणि एकूण १,६७,७७,२१६ रंग उपलब्ध झाले. अशा प्रकारे यंत्राची मर्यादा संपली. मात्र मानवी डोळ्याची मर्यादा होती तेथेच राहिली. रंगयोजनेचा शास्त्रीय विचार या दुसऱ्या मर्यादेपासून सुरू होतो.

रंग व दीप्ती : पडद्यावरील रंग तीन प्रकाशांच्या बेरजेने तयार होतो; परंतु हे तीन प्रकाश डोळ्याला सारखे उजळ वाटत नाहीत. संगणकाच्या पडद्यांसाठी सर्वत्र वापरात असलेल्या एसआरजीबी या मानकानुसार (१९९९) शुद्ध पांढऱ्याची दीप्ती, म्हणजे डोळ्याला जाणवणाऱ्या उजळपणाचे भौतिक माप, १ धरल्यास शुद्ध हिरव्याची ०.७१५२, लालाची ०.२१२६ आणि निळ्याची केवळ ०.०७२२ येते. पिवळा रंग लाल व हिरवा यांच्या मिश्रणाने होत असल्याने त्याची दीप्ती ०.९२७८, म्हणजे जवळजवळ पांढऱ्याइतकीच असते. पांढऱ्यावर पिवळी अक्षरे वाचता येत नाहीत याचे कारण येथे सापडते.

अक्षरांच्या कडा ओळखण्याचे काम डोळा मुख्यत्वे दीप्तीतील फरकावरून करतो. नुसत्या रंगछटेतील फरकावरून बारीक आकार नीट ओळखता येत नाहीत. म्हणून दोन रंगांतील तफावत मोजताना दोन्हींच्या दीप्तीत प्रत्येकी ०.०५ मिळवून मोठ्या संख्येला लहान संख्येने भागतात. मिळविलेली ही अल्प संख्या पडद्यावरून परावर्तित होणाऱ्या खोलीतील प्रकाशाची दखल घेते. काळा व पांढरा यांचे तफावत गुणोत्तर या रीतीने २१ येते आणि त्याहून मोठे गुणोत्तर संभवत नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीवर शुद्ध निळ्या अक्षरांचे गुणोत्तर सु. ८.६, लाल अक्षरांचे ४.०, हिरव्यांचे १.४ व पिवळ्यांचे १.१ असते. काळ्या पार्श्वभूमीवर हा क्रम उलटतो : पिवळ्याचे १९.६, हिरव्याचे १५.३, लालाचे ५.३ व निळ्याचे २.४. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेच्या २००८ सालच्या सुगम्यता-मार्गदर्शिकेने सर्वसाधारण मजकुरासाठी किमान ४.५ व मोठ्या अक्षरांसाठी किमान ३ हे गुणोत्तर ठरविले. २०१८ सालच्या सुधारित आवृत्तीत बटणांच्या कडा, चिन्हे यांसारख्या घटकांसाठीही ३ ही मर्यादा घातली. ही मार्गदर्शिका मुळात वेब-पृष्ठांसाठी असली, तरी डेस्कटॉप आज्ञावल्यांनाही ती लावली जाते. पांढऱ्यावरील करड्या मजकुराचे तिन्ही घटक ११८ असतील, तर गुणोत्तर ४.५४ येऊन तो मजकूर या कसोटीस उतरतो. ११९ असतील, तर ४.४८ येऊन तो उतरत नाही. डोळ्याला या दोन छटांतील फरक क्वचितच जाणवेल. मर्यादा कोठेतरी आखावी लागते एवढाच याचा अर्थ असून, मर्यादेच्या अगदी काठावरचा रंग निवडणे शहाणपणाचे नसते, हेही यावरून लक्षात येते.

लाल व निळा हे दोन्ही गडद शुद्ध रंग शेजारी ठेवल्यास आणखी एक अडचण येते. डोळ्याचे भिंग वेगवेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशाचे सारखे वक्रीभवन करीत नसल्याने हे रंग निरनिराळ्या अंतरावर असल्याचा भास होतो व कडा थरथरल्यासारख्या वाटतात. शिवाय दृक्‌पटलाच्या मध्यभागी निळ्या प्रकाशास संवेदनशील अशा शंकू कोशिका जवळजवळ नसतात आणि वाढत्या वयात भिंग पिवळसर होऊन निळा प्रकाश आणखी कमी पोहोचतो. म्हणून निळा रंग पार्श्वभूमीसाठी सोयीचा, पण बारीक रेषा व अक्षरे यांसाठी, विशेषतः काळ्यावर, गैरसोयीचा ठरतो.

रंगदृष्टीतील वैगुण्ये : यूरोपीय वंशाच्या पुरुषांपैकी सु. ८ टक्के व स्त्रियांपैकी सु. ०.५ टक्के व्यक्तींना लाल व हिरवा या रंगांतील फरक कमी किंवा अजिबात जाणवत नाही. अन्य वंशांत हे प्रमाण सामान्यतः कमी आढळते. या दोषाची जनुके एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे तो पुरुषांत अधिक दिसतो [⟶ रंगांधत्व]. रेल्वेच्या सेवेत सिग्नलशी संबंध येणाऱ्या उमेदवारांची रंगदृष्टी तपासून घेतली जाते. संगणकावर काम करणाऱ्याची अशी तपासणी होत नाही व व्हावी असेही नाही. त्यामुळे जबाबदारी रंगयोजना ठरविणाऱ्यावर येते. उदा., एखाद्या हिशेबाच्या आज्ञावलीत चुकलेली नोंद गडद लाल (१९२, ०, ०) व बरोबर नोंद गडद हिरव्या (०, १२८, ०) ठिपक्याने दाखविली, तर या दोन रंगांतील तफावत गुणोत्तर केवळ १.२६ असते. रंगछटेतील फरक ज्याला जाणवत नाही, त्याच्या दृष्टीने दोन्ही ठिपके जवळजवळ एकच होत. तेथे चुकीसाठी फुली व बरोबरसाठी बरोबरची खूण असे निरनिराळे आकार वापरले आणि शेजारी शब्द लिहिला, तर अडचण उरत नाही. ‘अर्थ केवळ रंगाने सांगू नये’ हा रंगयोजनेचा पहिला नियम यातून निघतो. आलेखांतील रेषांसाठी मासाताका ओकाबे व केई इतो या जपानी संशोधकांनी सुचविलेला आठ रंगांचा संच उपयुक्त ठरला आहे. या दोघांनाही स्वतःला रंगदृष्टिदोष आहे.

रंगांचे संकेतार्थ : रंगांना चिकटलेले अर्थ सर्वत्र सारखे नसतात. भारतातील शेअर बाजाराच्या तक्त्यांत घसरण लाल रंगाने व चढ हिरव्या रंगाने दाखवितात; चीनमध्ये याच्या नेमके उलट करतात. मराठी समाजात कुंकवाचा लाल रंग मंगल मानला जातो. तरीही त्याच समाजातील माणूस रस्त्यावरील लाल दिवा पाहून थांबतो. यावरून अर्थ रंगात नसून संदर्भात असतो, हे स्पष्ट होते. पडद्यावर एखादा रंग ज्या अर्थाने एकदा वापरला, त्याच अर्थाने तो सर्व खिडक्यांत वापरल्यास वापरणाऱ्याला तो संदर्भ लवकर आत्मसात होतो. याच कारणास्तव ठळक रंगांची संख्या थोडी ठेवतात : बहुतेक पृष्ठभाग पांढरा, करडा अशा उदासीन रंगांचा, निवडलेला भाग व मुख्य बटण यांसाठी एक ठळक रंग, आणि चूक, इशारा व पूर्तता यांसाठी राखून ठेवलेले दोन-तीन रंग. प्रत्येक बटण भडक असेल, तर कोणतेच बटण नजरेत भरत नाही.

दृश्यशैलीतील स्थित्यंतरे : रंगाप्रमाणेच उठाव, छाया व पारदर्शकता यांच्या साहाय्यानेही अर्थ सूचित करता येतो. १९९५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज ९५ या प्रणालीत खिडक्यांचा पृष्ठभाग फिकट करडा (१९२, १९२, १९२) होता. प्रत्येक बटणाच्या वरच्या व डाव्या कडेला पांढरी आणि खालच्या व उजव्या कडेला गडद रेषा असे. बटण दाबले की रेषांची अदलाबदल होई व ते आत गेल्यासारखे वाटे. प्रकाश वरून येतो असे गृहीत धरूनच मेंदू छायेवरून आकाराचा अंदाज बांधतो, हे व्ही. एस्. रामचंद्रन् यांनी १९८८ मध्ये प्रयोगांनी दाखविले होते. या बटणांचे यश त्याच प्रवृत्तीवर आधारलेले होते. करड्यावरील काळ्या मजकुराचे गुणोत्तर ११.५ होते, तर तूर्त न चालणाऱ्या आज्ञेचा मजकूर मध्यम करड्या (१२८, १२८, १२८) रंगात असल्याने त्याचे गुणोत्तर २.२ पर्यंत खाली येई. त्यामुळे चालू व बंद आज्ञांतील भेद सोळा रंगांच्या पडद्यावरही सहज कळे.

२००१ साली ॲपलच्या मॅक ओएस एक्स प्रणालीतील ‘ॲक्वा’ व विंडोज एक्सपीतील ‘लूना’ या शैलींनी चकाकणारे, रंगीत पृष्ठभाग आणले. २००७ साली सर्वसामान्य ग्राहकांसाठी विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टातील ‘एअरो’ शैलीत खिडक्यांच्या चौकटी अर्धपारदर्शक काचेसारख्या झाल्या. अर्धपारदर्शकतेत मूलभूत अडचण अशी की, मजकुरामागे काय येईल हे आधी सांगता येत नाही; म्हणून तफावत गुणोत्तरही निश्चित राहत नाही. व्हिस्टात शीर्षकाच्या अक्षरांभोवती पांढरे धूसर वलय घालावे लागले ते यासाठीच. विंडोज ८ (२०१२) व ओएस एक्स योसेमिटी (२०१४) या प्रणालींत उठाव व चकाकी काढून सपाट शैली स्वीकारण्यात आली. ती नीटनेटकी दिसली, तरी बटण कोणते व साधा मजकूर कोणता हे ओळखण्याची कडांची खूणही तिच्यात पुष्कळ वेळा नाहीशी झाली. ॲपलने २०२५ साली आणलेल्या ‘लिक्विड ग्लास’ शैलीत पारदर्शकता पुन्हा अवतरली व तिच्याबरोबर वाचनीयतेचा जुना प्रश्नही. शैली बदलतात, पण प्रत्येक शैलीला द्यावी लागणारी परीक्षा तीच राहते.

गडद पार्श्वभूमी : ऋण किरण नलिकेच्या काळातील गडद पडदा पुढे वैकल्पिक स्वरूपात परत आला. मॅकओएस मोहावी या प्रणालीत (२०१८) सर्व खिडक्यांसाठी गडद रूपाचा पर्याय देण्यात आला. विंडोज १० मध्येही हा पर्याय क्रमाक्रमाने विस्तारला. निरोगी डोळ्यांच्या व्यक्तींवरील प्रयोगांत फिकट पार्श्वभूमीवरील गडद अक्षरे सामान्यतः अधिक अचूकपणे वाचली गेल्याचे आढळले आहे. भरपूर प्रकाशात डोळ्याची बाहुली आकुंचन पावते व प्रतिमा अधिक रेखीव होते, असे याचे कारण दिले जाते. याउलट मोतीबिंदूसारख्या विकाराने डोळ्यातील माध्यम गढूळ झालेल्यांना गडद पार्श्वभूमीवरील फिकट अक्षरे अधिक सोयीची वाटतात. कारण पांढऱ्या पृष्ठभागाचा प्रकाश त्यांच्या डोळ्यात विखुरतो. अंधाऱ्या खोलीत काम करणाऱ्यालाही गडद रूप सुसह्य होते. दोन्हींपैकी एक रूप सर्वांसाठी श्रेष्ठ ठरविता येत नाही.

वापरणाऱ्याची निवड : वरील सर्व विवेचनातून एक निष्कर्ष निघतो. डोळे, वय, खोलीतील प्रकाश व काम ही माणसागणिक बदलत असल्याने रंगाचा शेवटचा निर्णय वापरणाऱ्याच्या हाती असावयास हवा. यासाठी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजेच परिचालन प्रणाली ‘खिडकीची पार्श्वभूमी’, ‘खिडकीतील मजकूर’, ‘निवडलेला भाग’ अशा कार्यानुसार नावे दिलेल्या रंगांची एक यादी ठेवते. आज्ञावलीने ‘पांढरा’ न मागता ‘खिडकीची पार्श्वभूमी’ मागावी, म्हणजे वापरणाऱ्याने निवडलेला रंग तिला मिळतो, अशी ही योजना आहे. विंडोज ३.१ (१९९२) मध्ये अनेक तयार योजनांत ‘हॉट डॉग स्टँड’ नावाची भडक लाल-पिवळी योजनाही होती व तिची पुढे बरीच थट्टा झाली. परंतु घटकागणिक रंग बदलण्याची जी सोय त्या काळी होती, ती मंददृष्टी व्यक्तींना मोलाची होती. विंडोज ८ पासून ही सोय उच्च तफावतीच्या खास योजनांपुरती मर्यादित झाली.

ही व्यवस्था अर्धवट पाळणे हे मुळीच न पाळण्यापेक्षा घातक ठरते. एखादी आज्ञावली पार्श्वभूमी स्वतःच्या मर्जीने पांढरी ठेवते, पण अक्षरांचा रंग मात्र प्रणालीकडून घेते. तयार करणाऱ्याच्या संगणकावर काळी अक्षरे पांढऱ्यावर उमटतात व दोष लक्षात येत नाही. मात्र काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे निवडलेल्या वापरणाऱ्यापुढे पांढऱ्यावर पांढरी अक्षरे येतात, म्हणजे कोरी खिडकी येते. ज्याला सोयीची सर्वाधिक गरज असते, त्याच्याच वाट्याला हा दोष येतो. म्हणून पार्श्वभूमी व मजकूर हे रंग नेहमी जोडीने घ्यावेत : दोन्ही प्रणालीचे किंवा दोन्ही स्वतःचे.

देवनागरी लिपीचा विचार : रोमन लिपीसाठी पुरेशी ठरणारी तफावत देवनागरीला नेहमीच पुरत नाही. देवनागरीत अनुस्वार, रफार, उकार व मात्रा ही अर्थभेदक चिन्हे शिरोरेषेच्या वर किंवा अक्षराच्या खाली लहान आकारात येतात. लहान टंकात त्यांच्या वाट्याला मोजकेच बिंदू येतात आणि कडा मऊ दाखविण्यासाठी ते बिंदू करड्या छटेत रंगविले जातात. परिणामी त्यांची प्रत्यक्ष तफावत मूळ अक्षरापेक्षा कमी भरते. फिकट करड्या मजकुरात ‘रंग’ या शब्दातील अनुस्वार लोपला की ‘रग’ उरतो. मराठी आज्ञावलीसाठी म्हणूनच किमान मर्यादेपेक्षा अधिक तफावत व किंचित मोठा टंक निवडणे इष्ट असते.

निवडीची पद्धत : ॲपलच्या १९९२ सालच्या मार्गदर्शिकेत इंटरफेसची मांडणी प्रथम काळ्या-पांढऱ्यात करावी व रंग नंतर भरावा, असा सल्ला दिलेला होता. रंगांचा तुटवडा संपल्यावरही तो ग्राह्य राहिला आहे. करड्या छटांत मांडणी स्पष्ट दिसली, तर तिचा अर्थ रंगावर अवलंबून नाही याची खात्री पटते. त्यानंतर उदासीन पृष्ठभाग, एक ठळक रंग व राखीव संकेत-रंग ठरवून प्रत्येक जोडीचे तफावत गुणोत्तर मोजतात. फिकट व गडद या दोन्ही रूपांत हे मोजमाप स्वतंत्रपणे करावे लागते. शेवटी उच्च तफावतीची योजना चालू करून, रंगदृष्टिदोषाचे अनुकरण करणाऱ्या साधनांतून आणि शक्य तेथे असा दोष असलेल्या व्यक्तींकडून प्रत्येक खिडकी तपासून घेतात.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये माहिती व संदेशवहन तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेस वैधानिक आधार मिळाला असून, भारतीय मानक ब्यूरोने आयएस १७८०२ या मानकात (भाग पहिला २०२१, भाग दुसरा २०२२) त्यासंबंधीच्या तांत्रिक अपेक्षा मांडल्या आहेत. पडद्यावर केलेली रंगांची निवड त्यामुळे केवळ आवडीनिवडीची बाब राहिलेली नाही. एखाद्या व्यक्तीला कार्यालयातील मेजावर बसून आपले काम इतरांच्या बरोबरीने करता येईल की नाही, हे काही अंशी तिच्यावर अवलंबून असते.